मुकादमाचे शेजारी

डायना रुमाव शाळेतून घरी आली की चप्पल दाराशी काढायची, खांद्यावरची पिशवी खुर्चीवर टाकायची आणि हॉलमधला दिवा लावायची. दिवा लागला रे लागला की कोपऱ्यातल्या सहा फुटी काचेच्या टाकीत एकच धांदल उडे. दीड वीत लांबीचा, लालबुंद अंगाचा, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ मिरवणारा मासा पाणी कापत पुढच्या काचेशी यायचा, पंख फुलवायचा आणि शेपूट अशी हलवायचा की बघणाऱ्याला वाटावं, हे पाळलेलं कुत्रंच आहे. डायना डावीकडे गेली की तो डावीकडे, उजवीकडे गेली की उजवीकडे. ती स्वयंपाकघरात शिरली की तो टाकीच्या त्या टोकाला जाऊन उभा, जिथून स्वयंपाकघराचं दार दिसतं.

“आले रे बाबा, आले. चहा तर घेऊ दे,” डायना म्हणायची. दिवसभरात तिनं मनापासून उच्चारलेलं हे बहुधा पहिलंच वाक्य असे.

तशी ती दिवसभर बोलतच असायची. शाळेच्या कार्यालयात लिपिक होती ती. दोन फोटो आणा, आधार कार्डाची झेरॉक्स जोडा, सरांची सही दुपारनंतर मिळेल, असं सगळं बोलणं. शाळा सोडल्याचे दाखले लिहायचं काम तिच्याकडे. अक्षर मोत्यासारखं, म्हणून संगणक आल्यावरही दाखल्याच्या रजिस्टरला दुसऱ्या कोणी हात लावला नव्हता. वय चोपन्न.

वसई गावातून राजोडीकडे जाताना रस्त्याच्या आतल्या अंगाला, केळीच्या वाडीत तिचं घर. एकेकाळी त्या घरात सहा माणसं होती. बाबा गेले. मग भावाचा मुलगा ग्लेन शिकायला कॅनडाला गेला. आई सहा वर्षं अंथरुणावर होती, ती गेली आणि तिच्या मागोमाग वर्षाच्या आत ऑस्टिन आणि जेनिफर, भाऊ आणि वहिनी, मुलाकडे निघून गेले. जाताना ऑस्टिन म्हणाला होता, “तूही चल ना, डायना.” म्हणायचं म्हणून म्हणालेलं बोलणं ओळखता येतं. “इथलं कोण बघेल?” डायना म्हणाली, आणि भावाच्या चेहऱ्यावर जे सुटल्यासारखं दिसलं, ते तिनं पाहिलं नाही असं दाखवलं. वरचा मजला तेव्हापासून बंद.

मासा ग्लेनचा. आणला तेव्हा बोटाएवढा होता. दुकानदारानं जात सांगितली होती फ्लॉवरहॉर्न. घरात ते नाव कोणाच्या तोंडात बसेना. छाती पुढे काढून, कपाळ उंचावून टाकीत चकरा मारायचा, म्हणून आईनंच अंथरुणातून नाव दिलं होतं, मुकादम. ग्लेननं सुरुवातीला त्याला सोबत म्हणून चार गोल्डफिश सोडले. चौथ्या दिवशी चारांपैकी एकही नव्हता. त्यानंतर मुकादमाच्या वाटेला कोणी गेलं नाही. सात वर्षं तो एकटाच त्या टाकीचा मालक. आणि गेली दोन वर्षं डायना त्या घराची.

ऑक्टोबरात गावात मरियामाऊलीची मूर्ती घरोघर फिरते. एका घरी एक दिवस मुक्काम. संध्याकाळी आसपासच्या घरची माणसं जमतात, रोझरीची जपमाळ म्हणतात, मूर्तीला हार घालतात, चहा-बिस्किटं होतात आणि दुसऱ्या दिवशी माऊली पुढच्या घरी. त्या वर्षी डायनाची पाळी सोमवारी आली. तिनं दोन दिवस आधीपासून घर घासूनपुसून काढलं, शेजारून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या, टेबलावर आईच्या हातची क्रोशाची चादर अंथरली. बावीस माणसं आली. इतकी माणसं त्या हॉलमध्ये आईच्या मयतीनंतर आली नव्हती.

मुकादमाला ते सोसलं नाही. रोझरीच्या पाच टप्प्यांतल्या पहिल्या रहस्यापर्यंत तो नुसता काचेशी उभा राहून माणसं मोजत होता. दुसऱ्याला त्यानं काचेवर डोकं आपटायला सुरुवात केली. तिसऱ्या रहस्याला, सगळे ‘नमो मरिया’ म्हणत असताना, त्यानं अशी काही उसळी मारली की झाकणाच्या फटीतून पाण्याचा सपकारा थेट पुढच्या रांगेतल्या आल्बिनामावशीच्या साडीवर.

आल्बिनामावशी शेजारच्या वाडीतल्या. वय बहात्तर, आवाज चाळिशीतला. प्रार्थना संपेपर्यंत त्या गप्प राहिल्या, कारण माऊली समोर होती. चहा हातात आल्यावर म्हणाल्या, “डायना, हा मासा पाळलायस की म्हैस?”

हशा पिकला. मावशींचे यजमान स्टॅनीकाका टाकीशी वाकून बघत होते. काका मूळचे किनाऱ्यावरचे, साठ वर्षं वाडीत काढूनही जिभेवरचं मीठ गेलं नव्हतं. “मानसं बघून पिसाळलाय तो,” ते म्हणाले. “कोन येतच नाय ना या घरात.”

काकांच्या मनात काही नव्हतं. पण खोलीत क्षणभर फक्त बशा वाजल्या.

“एकटा ठेवलास तर दुसरं काय होणार?” मावशींनी सावरून घेतलं. “एवढं मोठं पाण्याचं घर आणि आत एक जीव! देवानं आदामालासुद्धा एकटं ठेवलं नाही.”

“मावशी, तो दुसऱ्याला जगूच देत नाही. ग्लेननं गोल्डफिश आणले होते—”

“गोल्डफिश! ती शहरातली लाडावलेली पोरं. याच्या जातीतला बघ, तोलामोलाचा. स्थळ नीट बघायला नको?”

“मग बायोडाटा काढा,” मागून लुसी म्हणाली. लुसी आसपासच्या घरांच्या प्रार्थनासमूहातली सगळ्यांत थट्टेखोर. “रंग तांबूस गोरा, घर स्वतःचं, जबाबदारी नाही...”

“स्वभाव?”

“स्वभावाचं लग्नानंतर बघू!”

डायनासुद्धा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तेवढ्यात आल्बिनामावशी चष्मा पुसत, अगदी मायेनं म्हणाल्या, “तुझ्या वेळी आम्ही सगळे कमी पडलो गं बाय. याच्या वेळी तरी नीट बघू.” आणि हसणं जरा लवकरच संपलं.

सगळे गेल्यावर तिनं खुर्च्या एकात एक अडकवल्या. माऊलीपुढे मेणबत्ती जळत होती. आदामाचं ते वाचन तिनं आजवर कितीतरी लग्नांत ऐकलं होतं, दुसऱ्यांच्या लग्नांत, नवी साडी नेसून, तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसून. तिच्या स्वतःसाठी कोणी आलं नव्हतं असं नाही. सव्विसाव्या वर्षी शाळेत कोकणातला कृष्णा नावाचा गणिताचा शिक्षक होता. तीन वेळा घरी येऊन गेला. बाबा म्हणाले, मुलगा लाखात एक आहे, पण आपल्यातला नाही. आई एवढंच म्हणाली, “तू गेलीस तर मी बोलू कोणाशी?” कृष्णानं बदली करून घेतली. पुढे आपल्यातली, तोलामोलाची स्थळं पुष्कळ आली आणि प्रत्येक ठिकाणी काही ना काही बिनसत गेलं. कधी तिकडून, कधी इकडून. मग यायची थांबली.

मुकादम काचेशी येऊन शेपूट हलवत होता. “तुला सोबत हवीये का रे?” तिनं विचारलं. त्यानं पंख फुलवले. तो कशालाही पंख फुलवायचा.

जातीतलं स्थळ ही गोष्ट स्टॅनीकाकांनी मनावर घेतली होती. पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर ते बादली घेऊनच आले. त्यांच्या वाडीमागे जुनं बावखल, म्हणजे लहानसं तळं आहे, पूर्वी त्यातूनच बागेला पाणी जायचं. आता त्यात चिलापी मासे माजलेत. बादलीत त्यांतलाच एक, चांगला मुकादमाच्या मापाचा.

“तोंड बघ. पाठीवरचा काटा बघ. डोला बघ,” काका म्हणाले. “एकाच घरातले वाटतात की नाय? हा काय गोल्डफिश नाय. बावखलाच्या पान्यात वाढलाय, याला कोन हात लावनार?”

खरंच सारखे दिसत होते. एक लाल, एक मातकट, एवढाच फरक. आल्बिनामावशी खुर्ची ओढून बसल्या. डायनाच्या मनात आलं, हे दोघं खरोखरच एकमेकांना ओळखतील, सात वर्षांनी याला आपलं माणूस भेटेल. तिनं स्वतः हातानं झाकण उचललं.

दोघं समोरासमोर उभे राहिले. मुकादमाचा रंग गडद झाला, गालफडं फुगली. चिलापीनंही काटा उभारला. मावशी म्हणाल्या, “बघतायत एकमेकांना!” आणि पुढच्याच क्षणी दोघांची तोंडं एकमेकांत अडकली होती. पाणी ढवळलं, तळाची वाळू वर आली, चिलापीचे खवले चमकत खाली बसायला लागले. “सोडव, सोडव!” मावशी ओरडल्या. काकांनी जाळी घालायच्या ऐवजी हातच घातला आणि मुकादमानं त्यांचं बोट धरलं. चिलापी बाहेर काढेपर्यंत तिचा एक डोळा गेला होता. बादलीत ती अर्धा तास कुशीवर पडून तोंड उघडमिट करत राहिली.

“वाया कशाला घालवायची,” म्हणत मावशी बादली घेऊन गेल्या. संध्याकाळी त्यांनी वाटीतून दोन तळलेल्या तुकड्या पाठवल्या. डायनानं त्या मांजरीपुढे ठेवल्या आणि वाटी धुऊन परत केली. आपल्या पाण्यात सुखानं असलेला जीव आपण उचलून आणला. पापनिवेदनात हे सांगायचं असतं का, ते तिला ठरवता येईना.

पण मन एकदा हललं की हललं. इतके दिवस मुकादमाचा एकटेपणा तिला दिसला नव्हता, आता तोच दिसायला लागला. सकाळी ती निघाली की तो काचेशी उभा. संध्याकाळी आली की तो तिथेच. मधल्या नऊ तासांत तो काय करतो? एके दिवशी ती रस्त्यावरून परत फिरून, हळूच खिडकीतून बघून आली. तो काहीच करत नव्हता. दाराकडे तोंड करून थांबला होता.

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर ती बस आणि रिक्षा करून एव्हरशाईन सिटीत गेली. तिथे माशांचं एक मोठं दुकान असल्याचं लुसीनं सांगितलं होतं. गल्ल्यावर तिच्याच वयाची, नाकात चमकी असलेली बाई बसली होती, हंसाबेन. डायनानं मोबाईलमधला फोटो दाखवला आणि चिलापीची हकीकत जशीच्या तशी सांगितली.

हंसाबेननं कपाळाला हात लावला. “अरे ताई! तुम्ही तर त्याच्या भाऊबंदालाच घरात घुसवला. चिलापी पण त्याच खानदानातली. सिक्लिड बोलतात त्या खानदानाला. सारखा तोंडवळा दिसला ना, की याला वाटतं, हा माझी जागा घ्यायला आला. भांडण सारख्याशीच होतं, ताई. वेगळ्याशी कोण कशाला भांडेल?”

डायनानं मोबाईलमधल्या मुकादमाकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाली, “आमच्याकडे उलट समजतात.”

“आमच्यात पण,” हंसाबेन हसली. “माझ्या मुलीच्या लग्नाला काय काय झालं, ते नका विचारू.” तिनं स्टूल पुढे सरकवलं. “बसा. टाकी सहा फुटी बोललात ना? मग होईल. छोटी असती तर मीच नाही बोलली असती, राहू द्या एकटा.”

आणि मग तिनं सांगायला सुरुवात केली, दोन्ही हातांनी, दुकानातल्या टाक्यांकडे बोटं दाखवत. याच्या तोंडात मावेल असा मासा नको. याच्यासारखा दिसणारा नको. लाल तर अजिबात नको. याच्या मजल्यावर राहणारा नको, हा मधल्या पाण्यात आणि दगडाजवळ राहतो, तर दुसरे वरच्या अंगाला फिरणारे हवेत, नाहीतर अगदी तळाला चिकटून बसणारे. एक आणला तर सगळा राग त्या एकावर निघेल. सहा आणले तर कोणावर काढायचा तेच याला कळणार नाही.

“हे बघा.” एका टाकीत तळहाताएवढे, गोल, चपटे, चांदीच्या ताटलीसारखे मासे कळपानं वळत होते. “सिल्व्हर डॉलर. पालक खातात, काकडी खातात, घाबरट आहेत पण पळायला फास्ट. यांना तुमच्या मुकादमाशी काही घेणंदेणं नाही. आणि तळाला हा सकर. काळा, खरबरीत, दगडासारखा. याला चावला तरी यालाच लागेल.”

“आणि मारले तर?”

“पद्धत आहे ना. आधी मुकादमाला बाहेर काढायचा, एक दिवस पिंपात ठेवायचा. टाकीतले दगड सगळे इकडचे तिकडे करायचे. त्याची हद्दच मिटवायची. मग नवे सोडायचे. ते एक दिवस राहिले की टाकी त्यांची झाली. मग याला आणायचा. म्हणजे नवीन कोण? हा! पाहुण्यासारखा येईल तो.” ती स्वतःवरच खूश झाली. “मी मासा खात नाही, पण माशाचं डोकं खाते.”

डायना हसली. पर्स उघडायला गेली, तेव्हा हंसाबेननं तिच्या हातावर हात ठेवला.

“एक गोष्ट आधीच सांगते, मागून बोलू नका. आता तो तुमच्यामागे फिरतो ना? काचेशी येतो, हातातून खातो?”

“हो. मी दिसले की वेडा होतो.”

“ते बंद होणार. एकटा मासा माणसालाच आपल्यातला समजतो. काय करणार, दुसरं कोण दिसतच नाही. बाजूला कोणी आलं की मग त्याचं सगळं लक्ष तिकडे. किती लोक परत येतात माझ्याकडे, बोलतात, हंसाबेन, आमचा मासा आम्हाला ओळखत नाही. मी काय करू? मासा त्यांच्यासाठी हवा की त्यांना माशासाठी सोबत हवी, ते ज्याचं त्यानं बघायचं. तुम्ही विचार करून या.”

त्या दिवशी डायना रिकाम्या हातानं घरी आली. दिवा लावला. मुकादम धावत आला. तिनं सोललेली करंदी, बारकी कोळंबी, चिमटीत धरली आणि त्यानं ती तिच्या बोटांना धक्काही न लावता उचलली. या माशानं स्टॅनीकाकांचं बोट फोडलं होतं.

आठवडा गेला. राहू दे, जसं आहे तसं बरं आहे, असं ती रोज सकाळी ठरवायची. त्याला काय कळतंय, खाऊनपिऊन सुखी आहे. आणि खरं सांगायचं तर या घरात तिची वाट बघणारा तेवढा एकच होता. तो गेला, म्हणजे टाकीत राहूनही गेला, तर दिवा लावायचा कोणासाठी?

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, ती फुलं आणि मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत गेली. फादर एकेका कबरीवर पवित्र पाणी शिंपडत पुढे चालले होते. आईच्या कबरीवर तिनं शेवंती लावली, मेणबत्ती वाऱ्यापासून हातानं झाकत बसून राहिली. शेवटच्या वर्षांत समूहातल्या बाया आईला भेटायला यायच्या, तासभर बसतो म्हणायच्या, तर आई अंथरुणावरूनच त्यांना वाटेला लावायची. “मला कोणी नको. माझी डायना आहे ना!” डायनाला तेव्हा किती बरं वाटायचं. आईनं हाक मारली की ती हातातलं टाकून धावायची. त्या धावण्याला ती माया म्हणत आली होती. माया होतीच, ते काही खोटं नाही. पण घरात धावून जायला दुसरं कोणी नव्हतं, आणि आणू दिलंही नव्हतं, हेही तितकंच खरं.

“आई, तुझ्यावर राग नाही गं,” ती हळूच म्हणाली. शेजारच्या कबरीवरच्या बाईनं वळून बघितलं. डायनानं क्रूसाची खूण केली आणि उठली.

शनिवारी ती एव्हरशाईन सिटीतून परत आली ती मांडीवर दोन फुगलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन. रिक्षावाला खड्डा आला की स्वतःच म्हणायचा, “मॅडम, पकडा.” सहा सिल्व्हर डॉलर आणि एक सकर. हंसाबेननं बजावलं होतं, “पंधरा दिवस ठेवून बघा. नाही जमलं तर परत आणा, मी घेईन. मी फोन करेन.”

मुकादमाला पिंपात उतरवताना तिचे दोन्ही हात ओलेचिंब झाले. दगड हलवले, त्याची लाडकी गुहा मोडली, दोन मोठे दगड दुसऱ्या टोकाला नेऊन नवा आडोसा केला. त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं घर मोडतोय असं तिला वाटत राहिलं, जरी पिंपावर फळी होती. नव्या माशांना सोडलं तेव्हा आल्बिनामावशी हजर होत्याच.

“हे?” त्या म्हणाल्या. “ह्या तर ताटल्या! आणि तो काळा कोण, गटारातला? याच्या तोलामोलाचे तरी आहेत का हे?”

“नाहीत, मावशी. म्हणूनच आणले.”

मावशींनी तिच्याकडे नीट बघितलं. डायना त्यांना असं कधी उलट बोलली नव्हती.

रविवारी मिस्सावरून आल्यावर, चर्चच्या साडीतच, तिनं मुकादमाला परत टाकीत सोडलं. मावशी आणि काका जोडीनं बघायला उभे. मुकादम तळाला थांबला. गुहा नव्हती. दगड नव्हते तिथे दगड होते. मग त्याला वरची चांदी दिसली आणि तो बाणासारखा सुटला. सहाच्या सहा फुटले, सहा दिशांना. तो एकामागे गेला, दुसरा आडवा आला, दुसऱ्यामागे गेला तर तिसरा. एकाची शेपटी त्याच्या तोंडात सापडली आणि तिचा तुकडा पाण्यात तरंगत खाली आला.

“काढ त्याला! काढ! परत चिलापीसारखं होनार,” काका म्हणाले.

“थांबा, काका.” डायनाच्या हातात जाळी होती. ओठ ‘नमो मरिया’ म्हणत होते. थांबणं बरोबर आहे की नाही, तिला माहीत नव्हतं. तो सकरकडे वळला, त्याच्या पाठीवर तोंड मारलं आणि मागे सरला. सकर हललासुद्धा नाही. पुन्हा मारलं, पुन्हा मागे. मग तो मधोमध उभा राहिला, पंख फुलवलेले, गालफडं फुगलेली, आणि त्याच्यासमोर कोणीच उभं राहिलं नाही. डॉलर वरच्या अंगाला पुन्हा एकत्र आले आणि काही झालंच नाही अशा थाटात वळत राहिले. भांडायला कोणी मिळालं नाही. हळूहळू त्याचे पंख मिटले.

“अरे,” मावशी म्हणाल्या, “हा तर वरमला!”

चार दिवस तो अधूनमधून झेप घ्यायचा. फाटकी शेपटी भरून यायला लागली. सकर नव्या आडोशात शिरला, तर मुकादमानं त्याला दोनदा हुसकलं आणि तिसऱ्यांदा राहू दिलं. दुसऱ्या आठवड्यात डायनानं पाहिलं, डॉलरांचा कळप वळला की मुकादमही त्यांच्याखालून संथपणे वळतो. चिरडीला येऊन नाही, नुसता वळतो. त्याचा रंगही उजळला होता. इतका सुरेख तो पूर्वी कधी दिसला नव्हता.

दिवा लावल्यावर तो येईनासा झाला, ते नेमकं कोणत्या दिवशी, हे तिला सांगता आलं नसतं. आधी उशिरानं येऊ लागला. मग अर्ध्यापर्यंत येऊन परतायचा. एका संध्याकाळी ती चहाचा कप घेऊन टाकीसमोर डावीकडे गेली, उजवीकडे गेली, पुन्हा डावीकडे. तो दगडाच्या सावलीत होता, त्याचं तोंड कळपाकडे होतं. तिनं करंदी चिमटीत धरून पाण्यात बोटं बुडवली. तो आला, करंदी घेतली आणि निघून गेला. बोटांशी घुटमळला नाही.

ग्लेनचा व्हिडिओ कॉल आला. “आत्या, काय भारी दिसतंय! हे मला का नाही सुचलं? आता घर भरल्यासारखं वाटत असेल ना तुला?”

“हो ना,” डायना म्हणाली.

“तुला ओळखतो ना अजून?”

“ओळखतो की.” तिनं फोन टाकीकडे वळवला, म्हणजे तिचा चेहरा दिसू नये.

पंधराव्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, हंसाबेनचा फोन आला. “काय ताई, काय झालं? मारामारी?”

“नाही. अगदी गुण्यागोविंदानं आहेत.”

“आणि तुम्ही?”

इतकं सरळ तिला कोणी बऱ्याच दिवसांत विचारलं नव्हतं. डायना फोन कानाशी धरून टाकीकडे बघत राहिली. एक शब्द बोलायचा की उद्या दुपारी सहा ताटल्या आणि तो काळा दगड पिशवीतून परत जातील. दोन-चार दिवस मुकादम शोधेल. मग दाराकडे तोंड करून थांबायला लागेल. नऊ तास.

“ताई? ठेवायचे की परत?”

“ठेवायचे,” डायना म्हणाली.

“नक्की ना? मागून—”

“नक्की, हंसाबेन. त्याचं बरं चाललंय.”

फोन ठेवून तिनं काकडीच्या चकत्या कापल्या आणि पाण्यात सोडल्या. डॉलर वर आले, सकर काचेवरून सरकत वर चढला, मुकादम त्यांच्या गर्दीतून एक चक्कर मारून गेला. मग तिनं माऊलीच्या तसबिरीसमोर बसून रोझरी म्हटली. शेवटी ती रोज दिवसातल्या एखाद्या गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायची. त्या दिवशी कशाबद्दल मानायचे ते तिला ठाऊक होतं, तरी शब्द ओठांवर यायला बराच वेळ लागला. तिनं ते म्हटले आणि उठली. जेवायला वाढून घ्यावं, तर घड्याळात जेमतेम सात वाजले होते.